परदेशात इंग्रजी शिकवायला जायचंय? मग आधी पगार नको, व्हिसाचा नियम बघा

कणकवलीजवळच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या ताईंनी प्रश्न विचारलाय. बी.ए. इंग्रजी, नंतर बी.एड., चार वर्षांचा अनुभव. स्वतः शिकल्या त्या मात्र मराठी माध्यमात. परदेशात इंग्रजी शिकवायची चांगली नोकरी हवी आहे. मुंबईतला एक एजंट थायलंडमधल्या नोकरीसाठी ८५ हजार मागतोय आणि म्हणतोय की टुरिस्ट म्हणून जा, वर्क परमिट तिकडे गेल्यावर करून देतो. चार हजारांत १२० तासांचं ऑनलाइन सर्टिफिकेट मिळतंय, ते घ्यावं का, आणि आताची नोकरी कधी सोडावी, असेही दोन प्रश्न आहेत.

एजंटाचं आधीच सांगून टाकते: पैसे भरू नका. का ते पुढे येईलच. बाकीचं उत्तर लांब आहे, जरा सवडीनं वाचा.

मी मूळची रत्नागिरीची. ओमानमधल्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना इंग्रजी शिकवलं, मग थायलंडमधल्या एका खासगी शाळेत. तिथे नंतर नवे शिक्षक निवडायचं कामही माझ्याकडे आलं, म्हणजे अर्ज करणं आणि दुसऱ्यांचे अर्ज चाळणं, दोन्ही केलंय. आता रत्नागिरीत क्लास घेते. खाली जे लिहितेय ते या अनुभवातून. देशोदेशीचे नियम बदलत असतात, त्यामुळे अर्ज करायच्या दिवशी त्या त्या देशाच्या दूतावासाचं पान उघडून खात्री करायचीच.

ताई, तुम्ही विचारलंय की नोकरी कशी मिळेल. नोकऱ्या भरपूर आहेत, फार शोधाव्याही लागत नाहीत. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. आपली माणसं सुरुवात पगारापासून करतात: कुठे किती मिळतात, राहायला देतात का, तिकीट कोण काढतं. भारतीय पासपोर्टवर इंग्रजी शिकवायला निघालेल्या माणसाला हा क्रम परवडत नाही. पहिल्यांदा बघायचं की त्या देशाचा कायदा मला शिक्षक म्हणून घेतो का. मग बघायचं की ही विशिष्ट शाळा त्या कायद्यानं वागते का. पगार तिसरा. पहिल्या दोन पायऱ्यांवरच निम्म्या जाहिराती गळून पडतात आणि उरलेल्यांत निवड करणं सोपं जातं.

आता देश एकेक करून.

कोरियाचा इंग्रजी शिक्षकाचा ई-२ व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारत आणि कोरियाचा सेपा नावाचा जो आर्थिक भागीदारीचा करार २०१० पासून लागू आहे, त्यामुळे पदवी आणि शिक्षकाची पात्रता असलेल्या भारतीयांना सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून वाट आहे. पण जागा इतक्या कमी की त्यावर बेत आखू नये. चीनमध्येही वर्क व्हिसा मुळात इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांच्या लोकांना. अपवाद होतात, पण 'बिझनेस व्हिसावर या, मग बघू' असं कुणी म्हणालं की तिथेच थांबायचं. शिवाय २०२१ मध्ये चीननं खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले, त्यामुळे पूर्वीची मुबलक कामंही आटली.

जपानचा नियम तुमच्यासाठी मुद्दाम सांगते, कारण तो जाहिरातीत कधी लिहिलेला नसतो. तिथल्या शाळेत परभाषा शिकवायची तर शिक्षकाच्या व्हिसासाठी त्या भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं लागतं. तुमची दहावीपर्यंतची सगळी वर्षं मराठीत गेली. पदवी आणि बी.एड. इंग्रजीतून धरलं तरी बेरीज १२ होत नाही. खासगी भाषावर्गांचा व्हिसा वेगळा असतो, तिथे अजिबात शक्य नाही असं म्हणणार नाही, पण पहिल्या प्रयत्नासाठी जपान बाजूला ठेवा. युरोपात त्यांच्याच संघातल्या देशांच्या पासपोर्टवाल्यांना प्राधान्य, तेव्हा तेही सोडा.

उरतात आखात, थायलंड, व्हिएतनाम आणि मालदीव. तुमच्या कागदांना हे चार जुळतात.

आखातात 'इंग्रजी टीचर' या एका नावाखाली तीन निरनिराळ्या नोकऱ्या असतात. एक, तिथल्या भारतीय सीबीएसई शाळा. मुलं आपलीच, मल्याळी, मराठी, गुजराती. तिथे बी.एड. आणि शाळेतला अनुभव दोन्ही मोजतात, तुम्ही आजच्या आज पात्र आहात. परभाषा म्हणून इंग्रजी शिकवणं हे नव्हे, आपल्याकडचीच शाळा उन्हात नेऊन ठेवलेली असते. दोन, कॉलेजांचे फाउंडेशन प्रोग्रॅम. ओमानमध्ये पदवीचा अभ्यास सुरू होण्याआधी मुलांना इंग्रजीची तयारी करून घ्यावी लागते, त्यासाठी शिक्षक लागतात आणि त्यात भारतीय पुष्कळ आहेत. इथे एम.ए. इंग्रजी आणि मोठ्या मुलांना शिकवल्याचा अनुभव मागतात. तीन, भाषेच्या संस्था, जिथे बँकेतले, तेल कंपनीतले लोक संध्याकाळी शिकायला येतात. त्यांना सेल्टासारखं, म्हणजे मोठ्यांना इंग्रजी शिकवण्याचं केंब्रिजचं प्रमाणपत्र असतं तसलं काही हवं असतं. जाहिरात या तिघांपैकी कशाची आहे ते आधी ओळखा, नाहीतर एकच अर्ज सगळीकडे जातो आणि कुठूनच उत्तर येत नाही.

थायलंडचा कायदा भारतीयांना अडवत नाही. पदवी लागते आणि इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना भाषेची परीक्षा द्यावी लागते, टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत ६०० गुण किंवा त्या तोडीचं काही. शाळेत शिकवायला खुरुसफा नावाच्या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तिची तात्पुरती सूट हवी. बी.एड.वाल्यांना हा टप्पा इतरांपेक्षा सोपा जातो. पगारात भेदभाव आहे, तो लपवण्यात अर्थ नाही: गोऱ्या शिक्षकाला ३५ ते ४० हजार बाथ देणारी शाळा फिलिपिनो आणि भारतीय शिक्षकांना साधारण १८ ते २५ हजारांत घेते. व्हिएतनाममध्ये कामं बहुतेक भाषाकेंद्रांत, संध्याकाळी पाच ते नऊ आणि शनिवार-रविवार पूर्ण. पैसे तासावर. त्यामुळे महिन्याला किमान किती तास देणार हे करारात नसेल तर तो करार कोरा समजा.

मालदीवबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही, पण तिथल्या शाळांत भारतीय शिक्षक वर्षानुवर्षं आहेत. माध्यम इंग्रजी, परीक्षा केंब्रिजच्या. छोट्या बेटावर राहावं लागतं. समुद्राची सवय असलेल्या आणि मासे खाणाऱ्या माणसाला ते जड जात नाही. शाकाहारी असाल तर मात्र भाजीसाठी बोटीची वाट बघायची तयारी ठेवा.

'फक्त नेटिव्ह स्पीकर' असं जाहिरातीत दिसलं की मन खट्टू होतं. हा भेदभाव चूक आहे हे टेसॉल या इंग्रजी शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २००६ मध्येच लेखी जाहीर केलंय, पण जाहिराती काही थांबलेल्या नाहीत. मी मुलींना एवढंच सांगते की कायद्याची अट आणि शाळेची आवड यात फरक करा. कोरियात ती कायद्याची अट आहे, अर्ज करणं व्यर्थ. थायलंडमध्ये ती बऱ्याचदा पालकांना दाखवायची हौस असते, आणि जूनमध्ये एखादा गोरा शिक्षक मध्येच निघून गेला की तीच शाळा दुपारपर्यंत कुणीही चांगला माणूस घ्यायला तयार होते. तिथे अर्जाबरोबर वर्गातला पाच मिनिटांचा व्हिडिओ पाठवून ठेवावा.

आता चार हजारांचं सर्टिफिकेट. परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याच्या प्रमाणपत्रांना जगात एकच एक मान्यता देणारी संस्था नाही. त्यामुळे 'आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त' हा शिक्का कुणीही छापू शकतो. देवगडचं लेबल लावलेल्या पेटीत परराज्यातला आंबा निघतो, तसला प्रकार. फरक एका गोष्टीनं कळतो: त्या कोर्समध्ये खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवताना कुणी तुम्हाला बघतं का? केंब्रिजचा सेल्टा किमान १२० तासांचा असतो आणि त्यात ६ तास खऱ्या वर्गाला शिकवावं लागतं, परीक्षक मागे बसून प्रत्येक मिनिटाची नोंद घेतो. ट्रिनिटी कॉलेजच्या सर्टटेसॉल या तशाच प्रमाणपत्रातही ६ तास. घरबसल्या पर्यायांवर नुसत्या खुणा करायच्या कोर्समध्ये यातलं काही नसतं.

तरी तो कोर्स टाकाऊच आहे असं म्हणणार नाही. व्हिएतनामसारख्या देशात कागदांच्या यादीत अध्यापनाचं प्रमाणपत्र लागतं आणि काही शाळांच्या यादीत '१२० तासांचं टेफल' (परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र) अशी ओळच असते. ती ओळ भरायला स्वस्तातला कोर्स चालतो, फक्त त्याच्यावर नोकरी मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. तुमच्याकडे बी.एड. आहे, त्यात पाठ घेतलेत, निरीक्षण झालंय. शाळेतच शिकवायचं असेल तर तेवढं पुरतं. मोठ्या माणसांना किंवा भाषासंस्थेत शिकवायचं असेल तर सेल्टा करा. २०२० पासून तो पूर्ण ऑनलाइनही होतो, फी लाखाच्या वर जाते, आणि तो चालू असताना दुसरं काही होत नाही. पैसे कमी असतील तर हैदराबादच्या इफ्लू विद्यापीठाचा इंग्रजी अध्यापनाचा दूरस्थ पदव्युत्तर कोर्स बघा. परदेशात त्याचं नाव कमी लोकांना ठाऊक असतं, पण शिकायला मिळतं ते सकस.

कागदपत्रांवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण महाराष्ट्रातल्या मुली नेमक्या इथे अडकतात.

आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, काहींवर आईचंही. पासपोर्टवर नाव आणि आडनाव वेगळ्या रकान्यांत. लग्न झालं असेल तर पासपोर्टवर नवऱ्याचं नाव, पदवीवर वडिलांचं. आपल्याला त्यात काहीच वावगं वाटत नाही. मस्कतमधल्या किंवा बँकॉकमधल्या कारकुनाला त्या दोन वेगळ्या बायका दिसतात. तुमचं लग्न झालंय की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. झालं असेल आणि नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आणि महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची जाहिरात, दोन्ही आताच काढून ठेवा. नाव बदललं नसेल तर परत येईपर्यंत बदलू नका, एवढा एक आगाऊ सल्ला.

दुसरं म्हणजे लॅमिनेशन. पावसाळ्यात कागदांना बुरशी धरते म्हणून आपल्याकडे घरोघरी सर्टिफिकेटं लॅमिनेट करतात. परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का किंवा स्टिकर मूळ कागदावर बसतो, प्लास्टिकवर नाही. लॅमिनेट केलेली पदवी असेल तर विद्यापीठाकडून दुसरी प्रत काढावी लागते. आपली रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाची, म्हणजे वेळ आणि खेटे दोन्ही धरून चाला. मूळ पदवी अजून कॉलेजातच पडून असेल, तात्पुरत्या प्रमाणपत्रावर आजवर काम भागवलं असेल, तर तीही आधी आणा.

साक्षांकनाचा मार्ग देशाप्रमाणे बदलतो. एकमेकांच्या कागदपत्रांवरचा एकच शिक्का मान्य करायचा, असा देशोदेशींचा अपॉस्टिल करार आहे; भारत त्यात २००५ पासून आहे. समोरचा देशही त्यात असेल, उदाहरणार्थ ओमान किंवा २०२२ पासून सौदी, तर राज्याच्या पातळीवरचं काम झाल्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा एक अपॉस्टिल पुरतो. यूएई त्यात नाही, तिथे मंत्रालयानंतर त्यांच्या वकिलातीचा शिक्का आणि पोचल्यावर त्यांच्या मंत्रालयाचा. खर्च वाढतो, दिवसही. पोलिसांचा चारित्र्य दाखला पासपोर्टच्या पोर्टलवरून मिळतो, पण तो फार लवकर काढू नका. बहुतेक देशांना ताजा लागतो. एम.ए. किंवा कुठलीही पदवी मुक्त विद्यापीठातून केली असेल तर काही देश ती मानत नाहीत. शाळेला हे पहिल्याच मेलमध्ये विचारून घ्या.

आता शिकवण्याबद्दल. निवड शेवटी डेमोवर होते, आणि आपले उमेदवार तिथे का मागे पडतात ते मी जवळून बघितलंय.

विषय दिलेला असायचा 'यूज्ड टू'. आपला उमेदवार फळ्यावर नियम लिहायचा, खाली तीन वाक्यं, मग मुलांना विचारायचा, 'समजलं?' मुलं एका सुरात हो म्हणायची. दहा मिनिटांतली आठ मिनिटं तोच बोलायचा. एकदा एका मुलीनं, ती केरळची होती, फळ्यावर एक घर काढलं आणि म्हणाली, 'आय यूज्ड टू लिव्ह हिअर.' मग प्रश्न: मी आता इथे राहते का? नाही. पूर्वी राहत होते का? हो. एकच दिवस, की बराच काळ? बराच काळ. तीन प्रश्नांत मुलांच्या डोक्यात अर्थ बसला, नियम तिनं नंतर एका ओळीत लिहिला, आणि उरलेला वेळ मुलं एकमेकांना विचारत बसली की तू लहानपणी काय खायचास. ती डेमोतच निवडली गेली. तिचं इंग्रजी इतरांहून काही भारी नव्हतं.

'समजलं का' न विचारता असे बारीक प्रश्न विचारायची सवय आजपासून तुमच्याच वर्गात लावून घ्या. उच्चार गोरे करायच्या नादाला लागू नका, खोटा सूर दोन वाक्यांत ओळखू येतो. मराठी माणसाचे 'व्ही' आणि 'डब्ल्यू' सारखेच निघतात आणि शब्दातला आघात भलत्या अक्षरावर पडतो, या दोनांवर काम केलं तरी ऐकणाऱ्याला पुष्कळ सोपं जातं. 'टुडे मॉर्निंग' आणि 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' मुलाखतीत तोंडातून निघू देऊ नका. मुलाखत ऑनलाइन असते. जुलै-ऑगस्टात गावातले दिवे आणि नेट दोन्ही भरवशाचं नसतं, त्या दिवशी कणकवलीत नातेवाइकांकडे जाऊन बसा.

अनुभव फक्त मुलांना शिकवल्याचा आहे, ही तुमच्या अर्जातली उणीव. ती इथेच भरून काढता येते. तारकर्ली-देवबागला होमस्टे आणि स्कूबा चालवणाऱ्यांना पाहुण्यांशी बोलण्यापुरतं इंग्रजी हवं असतं. बोटीवर नोकरीला जाणाऱ्या पोरांना मुलाखतीपुरतं आणि सुरक्षेच्या सूचना कळण्यापुरतं. असा दहा-बारा मोठ्या माणसांचा वर्ग संध्याकाळी चालवा, अभ्यासक्रम स्वतः लिहा, उपस्थिती ठेवा. 'कामापुरतं इंग्रजी शिकवण्याचा अनुभव' अशी ओळ अर्जात आली की आखातातल्या संस्था वाचायला थांबतात. पुण्यात इराण, येमेन, सुदानकडचे विद्यार्थी असतात. त्यांतल्या एक-दोघांना ऑनलाइन शिकवलंत तर मराठी किंवा हिंदीचा आधार न घेता शिकवणं म्हणजे काय ते कळेल. आपल्या वर्गात आपण नकळत तो आधार घेतोच.

इथवर झालं ते तुमच्या बाजूचं. आता समोरच्याला पारखायचं.

परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नाव किंवा परवाना क्रमांक टाकला की तो चालू आहे, संपलाय की रद्द झालाय ते दिसतं. आणि नोंदणी असलेला एजंटही उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३० हजार अधिक जीएसटी याहून जास्त घेऊ शकत नाही, पावतीसकट. तुमचा माणूस ८५ हजार मागतोय, यातच सगळं आलं. टुरिस्ट म्हणून जाण्याचं तर त्याहून वाईट. भारतीयांना थायलंडमध्ये पर्यटक म्हणून शिरणं सोपं आहे, म्हणूनच ही चाल चालते. वर्क परमिटशिवाय वर्गात उभं राहणं तिथे गुन्हा आहे आणि पकडली जाते ती शिक्षिका; एजंट मुंबईत असतो. नीट शाळा नॉन-बी, म्हणजे कामासाठीच्या व्हिसासाठी पत्र आणि कागद आधी पाठवते. २०२२ मध्ये थायलंडच्या नोकरीच्या आमिषानं नेऊन म्यानमारमधल्या म्यावडीत सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपलेल्या भारतीयांबद्दल परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर इशारा द्यावा लागला होता. त्या जाहिराती डिजिटल मार्केटिंगच्या होत्या, शिक्षकांच्या नव्हत्या, पण 'आधी या, मग बघू' हे वाक्य तेच.

एजंटाशिवाय शोधायचं तर थायलंडसाठी अजार्न डॉट कॉम, सर्वसाधारण जागांसाठी डेव्ज ईएसएल कॅफे, आणि सगळ्यात उत्तम म्हणजे शाळांच्या स्वतःच्या वेबसाइटवरचं नोकऱ्यांचं पान. थायलंडमध्ये वर्ष मेच्या मध्यावर सुरू होतं, भरती फेब्रुवारीपासून. आखातात भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, बाकीच्या शाळा-कॉलेजांचं ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात, आणि त्यांची भरती जानेवारी ते मे. म्हणजे आखातात गेलात तर गणपतीला यायला मिळणार नाही. हसू नका, पहिल्या वर्षी याच कारणानं रडलेल्या मुली मी बघितल्यात.

आखाताच्या बाबतीत आपल्याकडे एक सोय आहे जी पुण्या-मुंबईच्या लोकांकडे नाही. दापोली, खेड, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या गावागावांतली माणसं पिढ्यान्पिढ्या तिकडे आहेत. ओळखीतून ओळख काढा आणि कुणाला तरी सुट्टीच्या दिवशी त्या शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन यायला सांगा. इमारत आहे का, पाटीवर तेच नाव आहे का, वॉचमन काय म्हणतो. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि वेबसाइटवरच्या फोटोंपेक्षा त्यावर जास्त भरवसा ठेवता येतो.

दुसरं, शाळेकडे तिथे सध्या काम करणाऱ्या भारतीय किंवा फिलिपिनो शिक्षकाचा मेल मागा. टाळाटाळ झाली तर समजून जा. मिळाला तर 'शाळा कशी आहे' असं विचारू नका, सगळे 'चांगली आहे' म्हणतात. विचारा की गेल्या तीन महिन्यांचा पगार कुठल्या तारखेला आला, वर्क परमिट हातात पडायला किती दिवस लागले, या वर्षी किती शिक्षक मध्येच सोडून गेले. आणि झेरॉक्स कोण काढतं, हेही. मुलांच्या वर्कशीटच्या झेरॉक्सचे पैसे शिक्षकाच्या खिशातून जात असतील तर बाकीचंही तसंच असतं.

करार हातात आला की पगाराच्या आकड्याखाली त्याची फोड बघा. यूएईतलं उदाहरण घेऊ. दोन शाळा, दोघींचा पगार ७ हजार दिरहम. एकीनं मूळ पगार ५ हजार दाखवलाय, बाकी भत्ते. दुसरीनं मूळ पगार अडीच हजार आणि भत्ते साडेचार. दर महिन्याला हातात सारखेच पडतात. पण तिथल्या कायद्यानं नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांच्या मूळ पगारावर मोजतात. तीन वर्षांनी पहिली शाळा १०,५०० दिरहम देणं लागते, दुसरी ५,२५०. मुलाखतीत यातलं कुणी सांगत नाही. व्हिसाचा आणि भरतीचा खर्च तुमच्या पगारातून कापणारं कलम असेल तर तेही तिथे बेकायदा आहे.

थायलंडच्या करारात वेगळ्या जागा बघायच्या. पगार बारा महिन्यांचा की दहा? एजन्सीमार्फत नेमलेल्यांना सुट्टीतले महिने बिनपगारी जातात. आठवड्याला प्रत्यक्ष तास किती? २० ते २५ ठीक, ३० च्या वर गेले की तयारीला वेळ उरत नाही. 'आणि शाळा देईल ती इतर कामं' या ओळीत काय काय मावतं ते विचारा. सकाळी सव्वासातला फाटकावर उभं राहून मुलांना नमस्कार करणं, शनिवारचा इंग्लिश कॅम्प, वार्षिक समारंभातला नाच, सगळं मावतं. तसल्या कामांना नाही म्हणावं असं मी सांगत नाही, मला फाटकावरची ड्यूटी आवडायची. पण किती वेळा आणि पैसे मिळणार की नाही, हे आधी ठरलेलं असावं. पासपोर्ट 'सांभाळायला' मागणारी शाळा कुठल्याही देशात नको.

तुमच्या जागी मी असते तर येत्या जानेवारीत आखातातल्या भारतीय शाळा आणि मालदीव यांना अर्ज केले असते, फेब्रुवारीत थायलंडला, आणि संध्याकाळचा मोठ्यांचा वर्ग आताच सुरू केला असता. एकदा दोन वर्षांचा परदेशातला अनुभव नावावर लागला की भाषासंस्था आणि कॉलेजांशी बोलणं वेगळ्या पातळीवर होतं. एम.ए. करायचं मनात असेल तर नियमित विद्यापीठातून करा, ओमानची ती वाट त्यानं उघडेल. घरची जबाबदारी, मूल, आईवडिलांचं आजारपण यांवर हे सगळं पुढेमागे होईल, ते तुम्हीच ठरवायचं.

राजीनाम्याबद्दल. ऑफर लेटर आलं म्हणजे नोकरी मिळाली असं नाही. पासपोर्टवर कामाचा व्हिसा लागेपर्यंत राजीनामा देऊ नका. तुमच्या शाळेच्या नोटिशीची मुदत नव्या शाळेला पहिल्याच बोलण्यात सांगा, शहाण्या शाळा तेवढं थांबतात. अनुभवाचं पत्र मात्र आताच मागून घ्या: लेटरहेडवर, रुजू झाल्याची तारीख, कुठल्या इयत्ता, आठवड्याला किती तास, आणि पगार मिळत होता हे स्पष्ट. मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा गोल शिक्का, दोन प्रतींवर. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहायला सांगा.